‘लायसन लागत नाही’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे, सोळा पूर्ण व्हायला चार महिने आहेत. कॉलेज घरापासून साडेचार किलोमीटर, आणि त्यातला मधला दीड किलोमीटर राज्य महामार्गाचा. दहावीला चांगले मार्क मिळाले म्हणून सासऱ्यांनी तिला बॅटरीवरची स्कूटर घेऊन द्यायचं कबूल केलं आहे. आम्ही दुकानात जाऊन आलो. दुकानदार म्हणतो, लायसन नको, पासिंग नको, विमा नको, हेल्मेटचीही सक्ती नाही. निघताना हळूच म्हणाला, ‘पंचविसाचं लॉक आहे, पण एक वायर काढली की पंचेचाळीसला पळते. महिन्याभराने आणा, करून देतो.’

मिस्टर म्हणतात, सरकारनेच मोकळीक दिली आहे तर तू कशाला घाबरतेस? माझा भाऊ म्हणतो, या गाड्या रस्त्यावरून बंदच करायला हव्यात. सासऱ्यांचं स्वतःचं लायसन दोन वर्षांपूर्वी संपलंय, त्यांनाही ही गाडी बाजारापुरती चालवायची आहे. आणि मुलगी म्हणते, चुलतभाऊ सतरा वर्षांचा असून मोटरसायकल फिरवतो, त्याला कुणी काही बोलत नाही, मी मुलगी म्हणून मला अडवता. मी नको म्हणाले तर घरात एकटी पडते. काय करू? (नाव छापू नये.)

उत्तर : ताई, आधी उत्तर देते, मग कारणं. त्या दुकानातून नाही, आणि त्या महामार्गावरून नाही. या दोन गोष्टींवर घरात कुणाशीही तडजोड करू नका. बाकी सगळं चर्चेने ठरवण्यासारखं आहे, आणि तुमचे मिस्टर, भाऊ, सासरे, मुलगी या चौघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे. म्हणूनच तुम्ही एकट्या पडता आहात.

मिस्टरांपासून सुरुवात करू. मोकळीक आहे हे खरं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या आहे. ती सांगते की अमुक अटी पाळणारं दुचाकी वाहन हे ‘मोटार वाहन’ समजलं जाणार नाही. मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी हवी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा, बॅटरी वगळून वजन ६० किलोपेक्षा जास्त नको, ब्रेक व्यवस्थित हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. गाडी एकदा मोटार वाहनच नाही म्हटल्यावर मोटार वाहन कायद्याचं लायसन, नोंदणी, विमा, हेल्मेट हे सगळं आपोआप गळून पडतं. वयाची अटसुद्धा. दुकानदार तिथवर खरं बोलला.

त्याने जे गाळलं ते असं, की या अटी दुकानदाराच्या शब्दावर पूर्ण होत नाहीत. नियमात नेमून दिलेल्या चाचणी संस्थेने ते मॉडेल तपासून तसं प्रमाणित करावं लागतं. आपल्या पुण्यातली एआरएआय ही त्यातली एक. म्हणजे ‘लायसन लागत नाही’ हे वाक्य त्या प्रमाणपत्रावर उभं आहे. गाडीवर चिकटवलेल्या ‘२५० वॅट’च्या स्टिकरवर नाही. स्टिकर कुणीही छापतो. शिवाय कायद्यातले २५० वॅट म्हणजे मोटर अर्धा तास सलग देऊ शकेल ती शक्ती. क्षणभरासाठी मोटर त्याहून जास्त ओढू शकते, म्हणून दुकानाबाहेर मारलेल्या एका फेरीवरून काहीही कळत नाही.

हे २५० वॅट आणि २५ चा वेग आले कुठून, हे पाहिलं की या मोकळिकीचा स्वभाव कळतो. चांगला दमाचा सायकलस्वार बराच वेळ पायडल मारताना साधारण तेवढी शक्ती लावतो आणि जोरात गेला तर साधारण त्याच वेगाला पोचतो. म्हणजे कायद्याने मोजमाप सायकलचं घेतलं. सायकलला लायसन नाही, मग सायकलइतक्याच ताकदीच्या गाडीला कशाला? विचार चुकीचा नाही. फक्त सायकल असते पंधरा-वीस किलोची, आणि ही गाडी साठ किलोपर्यंतची, वर शिशाच्या बॅटऱ्या असतील तर त्यांचं ओझं निराळं, त्यावर बसणारा माणूस, मागे बसवलेली मैत्रीण आणि पायाशी दप्तर. कागदावर सायकल, अंगाने स्कूटर. या दोन्हींच्या मधल्या फटीतूनच आज सगळा वाद चाललेला आहे.

आता ती वायर.

ती वायर काढली, किंवा कंट्रोलर बदलला, की गाडी त्या व्याख्येतून बाहेर पडते आणि त्याच क्षणी मोटार वाहन बनते. नोंदणी नसलेलं, विमा नसलेलं, आणि पंधरा वर्षांच्या मुलीने चालवलेलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. मालक म्हणजे इथे तुमचे सासरे, ज्यांनी हौसेने बक्षीस दिलं. ‘आम्हाला ठाऊकच नव्हतं’ हे पालकांनी सिद्ध केलं तर कायदा सूट देतो. पण ताई, दुकानदाराने तुम्हाला वायरचं तोंडावर सांगितलं आहे. ती सूट तुमच्यापुरती त्याच दिवशी संपली.

परवानगीशिवाय गाडीत फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, असंही त्याच दुरुस्तीत आलं. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी अशा वेग वाढवलेल्या ई-बाइक तपासायचे आदेश आरटीओंना दिले होते. पोलीस अशा गाड्या अडवत नाहीत, हे म्हणणं रोजच्या अनुभवाला धरून असेलही. मला त्याची काळजी कमी वाटते. अडवलं तर बिघडतं ते थोडंच. अडवलं नाही आणि कुणाला धडक बसली, तर हिशेब फार मोठा होतो.

म्हणून म्हणते, त्या दुकानातून नको. जो माणूस विकायच्या आधीच लॉक तोडायची तारीख देतो, त्याने बॅटरी कुठली घातली आहे, चार्जर कुठला दिला आहे, प्रमाणपत्र त्याच मॉडेलचं दाखवतो आहे की दुसऱ्या, यावर कसा विश्वास ठेवायचा?

पंचवीस आणि पंचेचाळीस हा फरक ऐकायला वीसचा वाटतो. पंचविसाच्या वेगाने गाडी सेकंदाला सात मीटर जाते, पंचेचाळीसच्या वेगाने साडेबारा. समोर कुत्रं आलं, ते दिसून हात ब्रेकवर जायला एक सेकंद धरा. तेवढ्यात पंचेचाळीसची गाडी पंचविसाच्या गाडीपेक्षा साडेपाच मीटर जास्त पुढे गेलेली असते, ब्रेक लागायच्या आधीच. आणि आपटताना अंगावर येणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे ती सव्वातीन पट होते. चाकं तीच, छोटी, खड्ड्यात घुसणारी. ब्रेक तेच, पंचविसाच्या हिशेबाने बसवलेले. पत्रकावर ‘ई-एबीएस’ लिहिलेलं दिसेल. बहुतेक वेळा त्याचा अर्थ मोटरकडून मिळणारा ब्रेक एवढाच असतो, मोठ्या गाड्यांतली चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा नव्हे. विचारून घ्या.

पण खरी गोम त्या दीड किलोमीटरमध्ये आहे, आणि त्यावर तुमच्या घरात कुणी बोललेलं दिसत नाही. पंचविसाच्या वेगाने दीड किलोमीटर जायला साडेतीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. मागून साठच्या वेगाने येणारा ट्रक शंभर मीटरवर असेल तर तो दहा सेकंदांत तिच्या मागच्या चाकाशी येतो. पहिला ट्रक हॉर्न देत बाजूने जाईल, मग दुसरा, मग एसटी. साडेतीन मिनिटं, जाताना आणि येताना, रोज. डावीकडे सरकायला गेली तर साइडपट्टीची खडी, नाहीतर डांबराची कड. आठ दिवसांत तुमची मुलगी स्वतःच येऊन सांगेल, ‘आई, हळू गाडीमुळेच मला भीती वाटते, ती वायर काढून दे.’ आणि तिचं म्हणणं त्या रस्त्यापुरतं खोटंही नसेल! पंचविसाची गाडी फुटपाथवर चालणाऱ्यांसाठी जास्त वेगाची असते आणि महामार्गावरच्या वाहतुकीसाठी फारच हळू. तिची जागा गल्लीबोळात, कॉलनीतल्या रस्त्यांवर, गावाच्या आतल्या भागात. लॉक फोडायचा मोह पोरांच्या उनाडपणातून येतो असं आपण समजतो. बऱ्याचदा तो चुकीच्या रस्त्यावर चुकीची गाडी घातल्यामुळे येतो.

तेव्हा आधी रस्ता पाहा. महामार्ग टाळून जाणारा आतला रस्ता आहे का? दोन किलोमीटरचा वळसा पडला तरी चालेल. तुम्ही आणि मिस्टर दोघं त्या रस्त्याने कॉलेजच्या वेळेला एकदा जाऊन या, रविवारी दुपारी नव्हे. महामार्ग फक्त ओलांडायचा असेल आणि तिथे सिग्नल किंवा भुयारी वाट असेल, तर विचार करता येईल. आतला रस्ताच नसेल, तर हा विषय इथेच संपला : एसटीचा पास काढा, नाहीतर शेजारच्या दोन-तीन मुलींबरोबर रिक्षा लावा. मार्क मिळाले त्याचं बक्षीस दुसरं काही देता येतं.

मिस्टरांना आणखी एक सांगा. मोटार वाहन कायद्यातून गाडी सुटली म्हणजे सगळ्या कायद्यांतून सुटली असं नाही. भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, बेदरकारपणे वाहन चालवण्याचा गुन्हा ‘कोणतंही वाहन’ असा लिहिला आहे. निष्काळजीपणाने कुणाला इजा झाली, कुणाचा जीव गेला, तर ती कलमं गाडीला नंबर आहे की नाही हे पाहत नाहीत. आणि विमा नसल्याचा खरा अर्थ तेव्हा कळतो. नोंदणी असलेल्या गाडीने कुणाला धक्का दिला तर थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मिळायची एक रुळलेली वाट असते, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असतं. इथे जखमी माणसाच्या आणि तुमच्या घरामध्ये तसं कुणीही उभं नसतं. भरपाई द्यायची झाली तर ती तुमच्या खिशातून. सरकारने परवानगी दिली या वाक्याचा दुसरा अर्धा भाग असा, की सरकार मधून बाजूला झालं आणि सगळी जबाबदारी घरावर सोडून गेलं.

आता तुमच्या भावाचं. त्याचा राग मला आतून समजतो. मागच्या वर्षी सकाळी फिरून येताना राँग साइडने आलेल्या अशाच एका गाडीने मला मागून ढकललं. आवाज आलाच नाही. मी पडले, हात खरचटला, चष्मा फुटला. मुलगा असेल चौदा-पंधराचा. तो एकदा मागे वळून बघून निघून गेला. मी उठून सवयीने नंबरप्लेट बघायला गेले, तर प्लेटच्या जागी कुठल्याशा देवाचं स्टिकर. दिवसभर त्या पोरापेक्षा मला त्या रिकाम्या जागेचा राग येत होता.

तरीही ‘बंदच करा’ मला पटत नाही. या गाड्या कोण चालवतं ते बघा. घरोघरी पार्सल पोचवणारी मुलं, ज्यांना पेट्रोल परवडत नाही. शाळेत पोराला सोडणारी आई, जिला मोटरसायकल चालवायला कुणी कधी शिकवलंच नाही. बंदी आली तर ही माणसं पायी येतील, नाहीतर तीनजण एका जुन्या पेट्रोलच्या गाडीवर बसतील, आणि ते काही सुरक्षित म्हणता येणार नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली जवळजवळ ४४ टक्के दुचाकीवरची. आपला रस्ताच दुचाकीवाल्यांना खाणारा आहे. त्याचा सगळा दोष या हळू गाड्यांवर ढकलणं सोपं आहे, बरोबर नाही.

जगात इतरत्र काय झालं हे भावाला आवडेल आणि थोडं खटकेलही. पॅरिसमध्ये २ एप्रिल २०२३ ला भाड्याने मिळणाऱ्या उभ्याच्या ई-स्कूटरवर मतदान झालं आणि सुमारे ८९ टक्क्यांनी त्या नकोत असं सांगितलं. पण मतदानाला आले होते आठ टक्क्यांहूनही कमी लोक, आणि स्वतःच्या मालकीच्या स्कूटर तिथे चालूच राहिल्या. जर्मनीने २०१९ मध्ये वेगळी वाट घेतली : लायसन नको, पण वेग ताशी २० पर्यंत, वय किमान १४, फुटपाथवर मनाई, आणि गाडीवर विम्याचा स्टिकर हवाच. मला आपल्यासाठी सगळ्यात बोलकं उदाहरण चीनचं वाटतं. वेगाची मर्यादा आपल्यासारखीच, ताशी २५. बॅटरीसकट वजनाला ५५ किलोची मर्यादा होती, शिशाच्या बॅटरीच्या गाड्यांसाठी ती २०२५ पासून ६३ किलो झाली. पण या गाड्यांची तिथे नोंदणी होते, त्यांना नंबरप्लेट असते. म्हणजे गाडी हळू आहे म्हणून लायसन माफ करणं आणि गाडी कुणाची हेच कळू न देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोन्ही एका पुड्यात बांधल्या. माझं स्वतःचं मत विचाराल तर या गाड्यांना साधी, स्वस्त, घरबसल्या होणारी नोंदणी असावी, नंबर असावा, थोडक्या पैशात थर्ड पार्टी विमा असावा आणि चालवणाऱ्याला वयाची खालची मर्यादा असावी. ड्रायव्हिंग टेस्टची नाही तरी चिन्हं आणि नियम ओळखायची छोटी परीक्षा असावी. आणि लॉक तोडून देणाऱ्या दुकानावर कारवाई व्हावी, आधी दुकानावर, नंतर पोरावर. भावाला म्हणावं, एवढं मागायला चला, मी येते बरोबर.

सासऱ्यांबद्दल लिहिताना जरा थांबले, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात नाजूक धागा तोच आहे. ‘लायसन लागत नाही’ ही ओळ कुणाला खेचून आणते? ज्यांना अजून लायसन मिळालेलं नाही त्यांना, आणि ज्यांचं आता राहिलेलं नाही त्यांना. तुमच्या घरात दोघंही एकाच गाडीकडे बघतायत. पंचावन्न उलटल्यावर लायसनचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. मुदत संपून वर्ष उलटलं की पुन्हा टेस्ट द्यावी लागते. हे कटकटीचं आहे म्हणून त्यांनी सोडून दिलं असेल, किंवा डोळ्यांचं, गुडघ्यांचं काही असेल आणि ते बोलत नसतील. ही गाडी त्यांना कायद्याने चालवता येईल. पण डोळे तपासून घ्या, संध्याकाळचं चालवणं टाळा, आणि हे सांगायचं काम तुम्ही सून म्हणून करू नका. मिस्टरांनी करावं, वडिलांशी, शांतपणे, पोरीसमोर नाही.

बॅटरीच्या गाडीची एक खोड म्हाताऱ्यांना आणि नवशिक्यांना सारखीच नडते. पेट्रोलची गाडी चालू असली तर आवाज करते. ही चालू आहे की बंद, कानाला कळत नाही. पार्किंगमधून ढकलत काढताना उजव्या मुठीला धरून ओढलं आणि चावी चालू राहिली असली, की गाडी पुढे उडी मारते. माणूस घाबरून मूठ आणखी घट्ट धरतो, म्हणजे थ्रॉटल आणखी पिळतो. उतरलं की आधी चावी बंद, मगच ढकलायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा, आजोबा आणि नात दोघांना. साइड स्टँड लावल्यावर मोटर बंद होते का, तेही घ्यायच्या आधी बघा.

मुलगी मुलगी म्हणून अडवता असं म्हणते. ताई, यावर तुमच्याकडे उत्तर नाही, कारण ती बरोबर आहे. सतरा वर्षांचा मुलगा मोटरसायकल चालवतो हे थेट बेकायदा आहे. अठराच्या आत, सोळा पूर्ण झालेल्यांना सूट आहे ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीला. त्याच्याबाबतीत ते कलम १९९अ आजच लागू आहे, तुमच्या दिरांना हे कुणी सांगितलंय का? तिला नाही म्हणून पुतण्याकडे कानाडोळा केला, तर तुमचा नकार तिला सुरक्षेचा वाटणारच नाही. दिराशी बोला. अवघड जाईल, माहीत आहे. पण ते केल्याशिवाय तिच्याशी बोलायला बसू नका.

आतला रस्ता सापडला आणि तिला गाडी द्यायची ठरली, तर या गोष्टी मात्र सोडू नका. प्रमाणपत्राची प्रत, त्याच मॉडेलच्या नावाची, बिलावर गाडीचा आणि बॅटरीचा अनुक्रमांक. पहिले पंधरा-वीस दिवस मोकळ्या मैदानात आणि कॉलनीत, तुमच्यापैकी कुणीतरी सोबत, ब्रेक दोन्ही एकदम दाबायची सवय, मागे वळून बघायची सवय. मागच्या सीटवर कुणी नाही, पहिले सहा महिने तरी. पावसात नाही. कानात इअरफोन नाही. मोबाइल डिकीत. गाडीला आवाज नसतो हे तिला माहीत हवं, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाने आपल्याला ऐकलं असेल असं ती गृहीत धरणार नाही. कोपऱ्यावर हॉर्न, अंधारात दिवा आणि अंगावर फिकट रंगाचं काहीतरी.

हेल्मेट. कायदा या गाडीला सक्ती करत नाही, तुम्ही करा. डोकं कायदा बघून आपटत नाही. जून २०२१ पासून आयएसआय शिक्का नसलेलं हेल्मेट विकताच येत नाही, तरी रस्त्याकडेला मिळतातच. ते प्लास्टिकचे टोप घेऊ नका. पट्टा हनुवटीखाली बसला पाहिजे. आणि आजोबांनीही घालायचं, नाहीतर नात घालणार नाही.

चार्जिंगचं थोडं खोलात सांगते, कारण इथे आपण फारच बेफिकीर आहोत. २०२२ च्या मार्चमध्ये वेल्लोरला घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या आगीत वडील आणि मुलगी गेले. त्याच वर्षी वसईत घरात चार्ज होणाऱ्या बॅटरीच्या स्फोटाने सात वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर केंद्राने बॅटरीचे चाचणी निकष कडक केले, ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत आले. त्याच्या आधी बनलेली, गोदामात पडून राहिलेली बॅटरी स्वस्तात मिळत असेल तर घेऊ नका. लिथियमची असो की शिशाची, रात्री झोपताना चार्जिंगला लावायची नाही. हॉलमध्ये, जिन्याखाली, बाहेर पडायच्या एकुलत्या एका दारापाशी तर नाहीच. आग लागली तर तुम्ही त्याच दाराने बाहेर येणार आहात. शिशाच्या बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून बंद खोली नको, हवा खेळती हवी. आल्याआल्या गरम बॅटरीला वायर लावू नका, अर्धा-पाऊण तास थांबा. चार्जर तिच्यासोबत आला तोच. बिघडला तर कंपनीचाच घ्या, कोपऱ्यावरच्या दुकानातला ‘चालतोय की’ म्हणणारा नको. बॅटरी फुगली, वास यायला लागला, पाण्यात बुडाली, तर चालवून बघू असं म्हणू नका.

गाडी घेतल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी एकदा मिस्टरांनी ती स्वतः सरळ रस्त्यावर घेऊन बघावी. फोनमधल्या नकाशावर वेग दिसतो. पंचविसापुढे गेली तर वायर कुणीतरी काढली आहे. हे मुलीला आधीच सांगून ठेवा, चोरून तपासू नका. ‘लॉक निघालं त्या दिवशी गाडी घरात उभी राहील आणि तू अठराची होईपर्यंत उभीच राहील,’ हे आजोबांच्या तोंडून आलं तर उत्तम, बक्षीस त्यांचं आहे. अठरा झाली की लर्निंग काढा, रीतसर टेस्ट देऊ दे, मग हिरव्या पाटीची, पासिंगची, विम्याची पूर्ण वेगाची स्कूटर घ्यायची की नाही ते तेव्हा बघू.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दुकानात जाल तेव्हा सासऱ्यांना घेऊन जा आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारू द्या : ‘चाचणीचं प्रमाणपत्र दाखवा.’ दुकानदार कागद काढतो की चहा मागवतो, ते मला कळवा.